बिनविरोध श्रीरंग

माझा नवरा श्रीरंग गेली एकोणीस वर्षं आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी आहे, आणि या एकोणीस वर्षांत मंडळात एकदाही मतदान झालं नव्हतं. जे व्हायचं ते एकमताने. अध्यक्ष बिनविरोध, कमिटी बिनविरोध, कोजागिरीला दूध गरम द्यायचं की गार, तेही बिनविरोध. वार्षिक सभेचं इतिवृत्त तो स्वतः लिहितो. प्रत्येक ठरावाखाली 'एकमताने मंजूर' असं टाइप करताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते आमच्या लग्नाच्या अल्बममध्येही कुठे सापडत नाही. मी शोधलंय.

हे एकमत काही आभाळातून पडत नाही. श्रीरंग ते तयार करतो. सभा रविवारी असली की सोमवारपासून त्याचे फोन सुरू होतात. ऑफिसातून येताना गाडीत, जेवणानंतर डिशवॉशर लावताना, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना, कानात इअरफोन घालून एकेका घराला फोन. मंडळात अठ्ठावन्न घरं आहेत.

"नमस्कार, श्रीरंग बोलतोय. नाही, खास काही नाही. रविवारच्या मीटिंगमध्ये जरा असं असं ठरतंय. बाकी सगळे ओके आहेत. तुमचं काही ऑब्जेक्शन नाही ना?"

'बाकी सगळे ओके आहेत' हे तो पहिल्या फोनलाही म्हणतो. पहिल्याच फोनला बाकीचे कुठून ओके असणार? पण पलीकडच्याला काय माहीत आपण पहिले आहोत ते. उगाच आपण एकट्यानेच कशाला वाईट व्हायचं, असं म्हणून तोही ओके म्हणतो. आणि सगळे फोन संपेपर्यंत श्रीरंगचं वाक्य खरं झालेलं असतं.

तो लबाड आहे असं समजू नका. इतका सरळ माणूस अख्ख्या ओहायोत मिळायचा नाही. कुणाचे आईवडील पहिल्यांदा येत असले की एअरपोर्टवर व्हीलचेअरपाशी हा उभा. कुणाच्या बाळाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुणाला कांदा-लसूण चालत नाही, सगळं याला पाठ. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा ड्राइव्हवे तो आपल्या आधी साफ करतो. भांडण मात्र सोसत नाही. कुणी आवाज चढवला की हा चष्मा पुसायला लागतो.

घरीही तेच. मी नागपूरची. आमच्याकडे एकमेकांना दोन-चार शब्द सुनावल्याशिवाय जेवण पचत नाही. आणि देवाने गाठ बांधली चिंचवडच्या या संताशी! "श्री, संध्याकाळी काय करू?" "काहीही चालेल." "पोहे?" "चालेल." "उपमा?" "चालेल." एकदा मी वैतागून "एरंडेल?" असं विचारलं. "चालेल," म्हणाला, आणि चार सेकंदांनी दचकून वर बघितलं. घराचा रंग मी निवडला, गाडी मी निवडली. आमची अनिका कॉलेजला जाताना काय शिकू म्हणून त्याला विचारायला गेली, तर तो म्हणाला, "तुला आवडेल ते." पोर हिरमुसून माझ्याकडे आली. "आई, बाबा इज लाइक अ गेस्ट इन अवर हाउस," म्हणाली. मी तिला रागावले, पण मनात म्हटलं, अगदी बरोबर बोललीस. चोवीस वर्षांच्या संसारात या माणसाला नक्की काय आवडतं आणि काय आवडत नाही, हे मला माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं, सीमा नशीबवान. मला एकटं वाटायचं.

थोडं त्याच्या बाजूनेही सांगायला हवं. ऑफिसात ग्रीन कार्डच्या रांगेत त्याने अकरा वर्षं काढली. इन्शुरन्स कंपनीच्या क्लेम्सच्या सिस्टिमवर काम करतो. मॅनेजर शनिवारी ये म्हणाला, हा गेला. प्रमोशन पुढच्या वर्षी बघू म्हणाला, याने मान हलवली. अकरा वर्षं मान हलवली की ती आपली आपण हलायला लागते. पण खरं कारण त्याहून जुनं आहे, आणि ते २००६ सालचं आहे.

तेव्हा आम्ही सगळे जुन्या मंडळात होतो. गणपतीचं जेवण घराघरांतून करून आणायचं की केटररला सांगायचं, यावर मतदान झालं. हो, एवढ्यावरून. मतं मोजायला श्रीरंगला बसवलं, कारण हा कुणाच्याच बाजूचा नाही. बावीस विरुद्ध एकवीस. त्याने आकडा वाचून दाखवला आणि एकवीस घरं खुर्च्या सरकवून उठली, ती परत आली नाहीत. त्या एकवीस घरांनी वेगळं मंडळ काढलं आणि नाव ठेवलं 'एकोपा'! फुटून निघालेल्या लोकांना हेच नाव सुचावं, याची मला अजून गंमत वाटते. हरलेल्या बाजूला माझं मत होतं, त्यामुळे आम्ही त्या एकवीसमध्ये होतो. श्रीरंगने सेक्रेटरीपद घेतलं आणि घरी आल्या आल्या मला सांगितलं, "इथे मतदान कधी होऊ देणार नाही."

आता केदार. केदार सोलापूरचा. आम्ही इथे ओहायोतल्या डब्लिनला आलो तेव्हा अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको आश्लेषा राहायचे. श्रीरंगला बर्फात गाडी चालवायला केदारने शिकवलं. २०१७ मध्ये श्रीरंगची नोकरी गेली, व्हिसाचे साठ दिवस हातात होते, तेवढ्यात दुसरी मिळाली नाही तर देश सोडावा लागणार होता, तेव्हा भाड्याचं घर सोडून आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. पन्नासाव्या दिवशी नवी नोकरी मिळाली. तोवर केदारने एकदाही विचारलं नाही की काय झालं, किती दिवस. रोज सकाळी वरून फक्त हाक यायची, "चहा झालाय!" श्रीरंगला सख्खा भाऊ नाही. आहे तो हाच.

हा केदार मंडळाची मराठी शाळा चालवतो. चौदा वर्षं, दर रविवारी. आम्ही एका चर्चचा तळमजल्यावरचा हॉल वापरतो. मोठा हॉल आणि बाजूला एक लहान खोली. मोठ्या हॉलमध्ये नाटकाच्या आणि लेझीमच्या तालमी, लहान खोलीत शाळा. एके काळी एकतीस मुलं होती. आता नऊ उरली होती. सॉकर असतं, पोहणं असतं, आणि मुलं म्हणतात, आजीशी आम्ही इंग्लिशमध्येच बोलतो, तिला कळतं.

गेल्या नोव्हेंबरात चर्चने कळवलं की जानेवारीपासून लहान खोली त्यांना धान्यवाटपासाठी हवी आहे. मोठा हॉल तुमचा, दोन ते पाच. म्हणजे एकतर तालमी किंवा शाळा. तालमींना चाळीस माणसं येतात, शाळेला नऊ मुलं. श्रीरंगने हिशेब केला, 'शाळा तूर्त स्थगित' असा ठराव लिहिला आणि फोनवर बसला. मैत्रीखातर पहिला फोन त्याने केदारलाच केला. मी तिथेच कणीक मळत होते, फोन स्पीकरवर होता.

"केदार, असं असं आहे रे. मलाही वाईट वाटतंय. पण बाकी सगळे ओके आहेत. तुझं काही?"

 केदारचा आवाज आला, "नाही, ठीक आहे. चालेल."

"बघ," फोन ठेवून श्रीरंग मला म्हणाला. "किती समजूतदार आहे."

मी काही बोलले नाही. तिथेच चूक झाली माझी.

सभेच्या आधीच्या गुरुवारी दुपारी आश्लेषा आली. गाडीची डिकी उघडून ती एकेक वस्तू आमच्या गराजमध्ये ठेवायला लागली. मंडळाचा चहाचा मोठा थर्मास. गणपतीच्या मखराचे दोन खोके. लेझीमची पेटी. 'एकोपा'चा बॅनर, नीट गुंडाळून वर रबरबँड लावलेला. मंडळाला स्वतःची जागा नाही, त्यामुळे मंडळाचं सामान ज्याच्या त्याच्या गराजमध्ये असतं. हे सामान वर्षानुवर्षं केदारकडे होतं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काही नाही, गराज साफ करतोय." माझ्याकडे न बघता ती म्हणाली. चहा घे म्हटलं तर घाईत आहे म्हणाली आणि गेली.

 देशात माणूस नातं तोडताना काय करतो मला माहीत नाही, इथे तो गराज साफ करतो. २००६ मध्ये जुनं मंडळ सोडताना त्यांच्या समया आणि सतरंज्या मी स्वतः परत नेऊन दिल्या होत्या. तेव्हा त्यांच्या अध्यक्षीणबाईंना मीही हेच सांगितलं होतं.

संध्याकाळी श्रीरंग आल्या आल्या मी सांगितलं, "केदार मंडळ सोडतोय."

"छे. अगं, तो हो म्हणाला."

"तो हो म्हणाला म्हणूनच सोडतोय! भांडला असता तर राहिला असता. तू त्याला भांडायला जागाच ठेवली नाहीस. बाकी सगळे ओके आहेत म्हणे! काहून म्हणायचं असं?"

मी चिडले की माझं नागपूर बाहेर येतं. श्रीरंगने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि केदारला फोन लावला. "केदार, तू नाराज नाहीस ना रे?" केदार म्हणाला, छे रे, काहीतरीच काय. श्रीरंगने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, झालं की नाही समाधान, अशा नजरेने. इतका हुशार माणूस, पण भैताड तो भैताडच! आपला जिवाभावाचा मित्र हातातून चाललाय, आणि हा त्याच्याकडूनच लेखी हमी घेतोय. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

रविवारी एक वाजताच आम्ही हॉलवर गेलो. आमच्या आधी तिथे चिनी शाळा भरते. ती चालवतात मिसेस गाओ, साठीच्या, बारीक, बारा महिने निळं जाकीट घालणाऱ्या. त्यांची कमिटी शाळा सुटल्यावर तिथेच बसते, आणि बसते म्हणजे ओरडते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मारामारी चाललीय, पोलिसांना फोन करावा की काय. दहा मिनिटांनी दार उघडून तीच माणसं हसत, संत्री सोलत बाहेर आली. मिसेस गाओंची कमिटी गेली बावीस वर्षं तीच आहे.

त्यांच्या शाळेच्या भिंतीवर लाल कागदावर चार मोठी चिनी अक्षरं लावलेली असतात. श्रीरंगला ती फार आवडायची. एकदा घाईघाईत त्याने मिसेस गाओंना विचारलं, काय लिहिलंय? त्यांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवून सांगितलं, हार्मनी. बस. बाकी तीन अक्षरांचं ऐकायला हा थांबलाच नाही. त्या अक्षरांचा फोटो काढला, सभेच्या निमंत्रणावर सगळ्यात वर टाकला आणि खाली लिहिलं, 'सर्वांचे एकच मत, हीच खरी एकी : चिनी म्हण.' ते अठ्ठावन्न घरांना गेलं. एक प्रत हॉलच्या नोटीस बोर्डावरही लागली.

श्रीरंग प्रोजेक्टर जोडायला गेला आणि मी व मिसेस गाओ त्यांचं लांब टेबल उचलून भिंतीला लावत होतो. बोर्डापाशी आल्यावर त्या थबकल्या. त्यांच्या बाजूने टेबल खाली आलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याने."

"खाली काय लिहिलंय?"

मी इंग्रजीत अर्थ सांगितला. त्या आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. त्यांचं इंग्रजी तुटक, माझं काही फार धड नाही, पण त्यांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून समजावलं. पहिलं अक्षर, मेळ. दुसरं, तरीपण. तिसरं आणि चौथं मिळून, सारखे नाहीत. "मोठ्या मनाची माणसं मेळाने राहतात, पण सारखी नसतात," त्या म्हणाल्या. "याच्यापुढे अजून अर्धी म्हण आहे, ती कागदावर मावत नाही. छोट्या मनाची माणसं सारखी असतात, पण मेळ नसतो."

"म्हणजे उलटंच," मी म्हटलं.

"अगदी उलटं." मग त्यांनी परत टेबलाचं टोक धरलं. "बघ, आपण टेबल नेतोय. तू तिकडे तोंड करून, मी इकडे. तुझ्यामागे खुर्ची आहे ती मला दिसते, माझ्यामागचा खांब तुला दिसतो. दोघींनी एकाच दिशेला बघितलं असतं तर?"

"धडकलो असतो."

"धडकलो असतो, आणि एकमताने," असं म्हणून त्या स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन हसल्या. मला हसू आलं नाही. छोट्या मनाची माणसं सारखी असतात पण मेळ नसतो, हे ऐकताना मला आमचं मंडळ दिसत होतं, माझं स्वयंपाकघर दिसत होतं, आणि गराजमधला तो थर्मास दिसत होता.

दोन वाजता सभा सुरू झाली. सत्तरेक माणसं होती. केदार आणि आश्लेषा शेवटून दुसऱ्या रांगेत, कोट अंगावरच ठेवून बसले होते. अध्यक्ष निवडले, एकमताने. नाटक ठरलं, एकमताने. मग श्रीरंगने शाळेचा ठराव वाचला. केदारचे आभार मानणारं एक वाक्य त्यात होतं. "कुणाचा विरोध नसेल तर..." असं म्हणून तो पुढच्या पानाकडे वळायला लागला.

मी हात वर केला.

"सीमा, काय हवंय?" त्याने माईकवरून विचारलं. त्याला वाटलं मला गाडीची किल्ली हवी असेल.

"माझा विरोध आहे."

श्रीरंग माझ्याकडे बघत राहिला. अठ्ठावन्नपैकी सत्तावन्न घरांना त्याने फोन केले होते. अठ्ठावन्नावं घर आमचं, तिथे फोन करायची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

मी उभी राहिले.  "शाळा बंद करू नये असं मला वाटतं. मी चुकत असेन. नऊ मुलं आहेत हे मलाही दिसतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आत्ता सांगते. आणि माझी विनंती आहे की मतदान घ्यावं."

एकदम कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "अहो, आपल्याकडे असं नसतं." श्रीरंग माईक ठेवून माझ्यापाशी आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सीमा, प्लीज. नको. मागच्या वेळेला काय झालं माहितीय ना तुला? केदारचा अपमान होईल. तो जाईल गं."

"तो गेलाय, श्री. त्याचं गराज रिकामं आहे आणि सगळं सामान आपल्याकडे आहे. गुरुवारपासून. तू बघितलंस का?"

त्याने मागे वळून केदारकडे बघितलं. केदारने मान खाली घातली. तेव्हा कुठे श्रीरंगला कळलं. मी त्याला कधी रडताना पाहिलेलं नाही, पण त्या क्षणी तो अगदी त्या बेताला आला होता. मला त्याची फार दया आली, आणि तरी मी खाली बसले नाही.

तो परत माईकपाशी गेला. मंडळाच्या घटनेत मतदानाचं कलम आहे, त्यानेच २००६ मध्ये लिहिलेलं. "ठरावाच्या बाजूने हात वर करा," तो म्हणाला. हात वर झाले. त्याने रांगेरांगेने मोजले. एक्केचाळीस.

"विरोधात."

माझा हात वर होताच. थोडा वेळ तो एकटाच होता आणि मला वाटलं, झाली शोभा. मग तिसऱ्या रांगेतून रीमाने हात वर केला. तिला स्वतःला मूलबाळ नाही. मग खिडकीपाशी दोन. मग ज्या काकांना आपल्याकडे असं नसतं असं वाटत होतं, त्यांनीच केला. प्रत्येकजण हात वर करायचा आणि लगेच वळून बघायचा, अजून कोण आहे ते. आश्लेषाने केला. केदारने हात वर केला नव्हता. तो खुर्चीत मागे वळून मोजत होता, तोंड थोडं उघडं टाकून. मोजून झाल्यावर सगळ्यात शेवटी त्याने आपला हात वर केला.

"सव्वीस," श्रीरंग म्हणाला. परत एकदा मोजले. "सव्वीस. ठराव बहुमताने मंजूर."

म्हणजे मी हरले. शाळेचा हॉल गेला. श्रीरंग माईक धरून दाराकडे बघत उभा राहिला, आता खुर्च्या सरकायला लागतील, त्याची वाट बघत. कुणी उठलं नाही. एक तर चहा चारला होता आणि बटाटेवडे अजून यायचे होते. दुसरं म्हणजे, हरलेले सव्वीस जण एकमेकांकडे बघण्यात गुंतले होते.

उठला तो केदार. कोट घातलेला, तो सरळ पुढे आला. 

"श्री, तू मला फोनवर काय म्हणालास? बाकी सगळे ओके आहेत."

"हो."

"सव्वीस माणसं नव्हती ओके."

"मला कुणी सांगितलं नाही रे," श्रीरंग म्हणाला. "सगळे हो म्हणाले."

"मीही हो म्हणालो." केदारचा आवाज चढला. चौदा वर्षं शाळेत मुलांवर न चढलेला आवाज तिथे चढला. "मला वाटलं, चौदा वर्षं मी जे केलं ते एकालाही नको आहे! एकालाही! अशा ठिकाणी राहून काय करायचं होतं मी? राजीनाम्याची ईमेल लिहून ठेवलीय. उद्या सकाळी पाठवणार होतो."

"मग?" श्रीरंगने विचारलं. 

"मग काय? आता कशाला पाठवू? सव्वीस जण आहेत. शाळा माझ्या बेसमेंटमध्ये भरवतो. नऊ मुलांना काय हॉल लागतो?" मग आश्लेषाकडे वळून तो म्हणाला, "तो थर्मास परत घेऊन ये गं त्यांच्याकडून." आणि परत श्रीरंगकडे. "आणि तू बस इथे. गेल्या एकोणीस वर्षांत मला काय काय पटलेलं नव्हतं, ते आज सांगणार आहे. सगळं. मुकाट्याने ऐकायचं नाही, उत्तर द्यायचं."

चहा झाला, वडे झाले, माणसं पांगली. जाताना रीमा मला म्हणाली, "सीमाताई, मलाही फोन आला होता. मीही म्हटलं होतं, चालेल." तिला रडू येत होतं.  मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खुर्च्या गोळा करायला लागले. कोटांच्या स्टँडपाशी दोघं मित्र समोरासमोर बसले होते. २०११ ची सहल, २०१४ चा गणपती, कुठल्याशा नाटकात केदारला न दिलेलं काम. केदार बोटं मोजत होता. आधी श्रीरंग नुसता मान हलवत होता. मग मी ऐकलं, तो म्हणाला, "नाही. हे खोटं आहे. ते काम तुला जमलंच नसतं." केदारने टेबलावर हात आपटला. मी घाबरून धावत गेले, तर दोघं हसत होते.

साडेपाचला आम्ही निघालो. बाहेर अंधार झाला होता आणि बारीक बर्फ पडत होता. श्रीरंगने गाडी सुरू केली आणि तशीच उभी ठेवली.

"मला तुझा राग आलाय," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं.

"सगळ्यांसमोर करायला नको होतं. घरी सांगायचं होतंस."

"गुरुवारी घरीच सांगितलं होतं."

"नीट नाही सांगितलंस. ओरडलीस नुसती. तू ओरडतेस तेव्हा मला काही ऐकू येत नाही. आणि शाळेचं म्हणशील तर तू चूक आहेस. नऊ मुलांसाठी चाळीस लोकांनी कुठे जायचं? मी बरोबर होतो. आकडाही माझ्याच बाजूने आला."

"आकडा आला म्हणून बरोबर? तू आधी फोन करून माणसं गोळा केलीस!"

"मी कुणाला जबरदस्ती केली नाही."

"केलीस."

"नाही केली!" तो ओरडला. श्रीरंग ओरडला! त्याच्या आवाजाने तोच चमकला, पण थांबला नाही. अजून बरंच होतं त्याच्याकडे. मी त्याच्या वतीने परस्पर उत्तरं देते ते, पाहुण्यांसमोर त्याची टर उडवते ते, अनिकाला त्याच्याऐवजी माझ्याकडे यायची सवय लावली ते. काही खरं होतं, काही साफ खोटं, आणि मी प्रत्येकाला उत्तर दिलं. बोलता बोलता त्याचा एक्झिट चुकला आणि आम्ही पुढे जाऊन वळून आलो, तरी संपलं नव्हतं. ड्राइव्हवेत गाडी बंद करूनही आम्ही आतच बसून भांडत होतो. काच धुक्याने भरून गेली. मला त्याचा इतका राग आला होता की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटत होतं की आपल्या घरात दोन माणसं राहतात.